यासुकुनीची यादी: एका फॉरवर्डला उत्तर

भाचा नववीत. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी त्याने घरच्या ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड पाठ केला, हातवाऱ्यांसकट. आता त्यातलं एकेक वाक्य सोडवत बसणं आलं. फॉरवर्ड थोडक्यात असा:

‘टोकियोत यासुकुनी नावाचं वीरांचं मंदिर आहे. दुसऱ्या महायुद्धात रणांगणावर देह ठेवलेल्या २५ लाख सैनिकांच्या अस्थी तिथे आहेत, नेताजींच्याही आहेत. दर १५ ऑगस्टला सम्राट आणि पंतप्रधान तिथे माथा टेकवतात. जपानी लोक एवढ्या मोठ्या मनाचे की शत्रूलाही तिथे पूजतात. पोटदुखी फक्त चीन आणि कोरियाला. सगळं जग जपानला गुन्हेगार म्हणत असताना एकट्या भारतीय न्यायाधीशाने, राधाबिनोद पाल यांनी, जपानने काही केलंच नाही असा निकाल दिला. म्हणून मंदिरात त्यांची शिळा आहे आणि म्हणूनच आपल्याला बुलेट ट्रेनचं कर्ज ०.१ टक्क्याने मिळालं. आपल्याकडे मात्र शहिदांचं एकही राष्ट्रीय स्मारक नाही. दहा जणांना पाठवा.’

शिळा आहे हे खरं, व्याजदरही खरा. बाकीचं कमीजास्त चुकलेलं आहे. एक जागा मात्र नुसत्या चुकीची नाही, आपल्याच माणसांच्या मरणावर माती लोटणारी आहे. तिच्याकडे नंतर येतो.

‘२५ लाख सैनिकांच्या अस्थी’

यासुकुनीत एकही अस्थी नाही. राख नाही, दफन नाही, समाधी नाही. तिथे नावं आहेत.

आकडा सुमारे २४ लाख ६६ हजार. त्यातले २१ लाख ३३ हजारांच्या आसपास १९४१ ते ४५ च्या युद्धातले. सुमारे १ लाख ९१ हजार त्याआधी चीनमध्ये सुरू झालेल्या युद्धातले आणि ८८ हजार १९०४–०५ च्या रशियाबरोबरच्या लढाईतले. उरलेले इतर लढायांतले. मुळात हे देवस्थान दुसऱ्या महायुद्धाचं नव्हेच. सम्राट मेइजींच्या आज्ञेने १८६९ साली ते ‘टोकियो शोकोन्शा’ या नावाने उभं राहिलं, तेही जपानमधल्याच यादवीत सम्राटाच्या बाजूने पडलेल्यांसाठी. ‘यासुकुनी’ हे नाव १८७९ चं. १९४५ पर्यंत कारभार लष्कर आणि नौदल खात्यांच्या हातात होता. १९४६ पासून ती एक खाजगी धार्मिक संस्था आहे. सरकारचा तिथल्या पुजाऱ्यांवर अंमल चालत नाही, आणि पुढचा सगळा घोळ समजायला हे लक्षात ठेवावं लागतं.

नाव यादीत कसं चढतं? युद्धानंतर आरोग्य व कल्याण मंत्रालयाकडे वारसांच्या निवृत्तिवेतनासाठी मृतांच्या नोंदी असत. ‘सेवेत मृत्यू’ असं ठरलं की त्या माणसाचा तपशील मंत्रालयातून देवस्थानाकडे जायचा. देवस्थान ते नाव ‘रेइजिबो’ म्हणजे आत्म्यांच्या नोंदवहीत उतरवून घेई. मग उत्सवाच्या तोंडावर, रात्री, दिवे मालवून त्या वह्या पालखीसारख्या वाहनातून गाभाऱ्याकडे नेत आणि मंत्र होत. इथून पुढे तो माणूस ‘कामी’, म्हणजे देव. वह्या मागच्या बाजूच्या एका बंदिस्त वास्तूत ठेवतात. ती १९७२ साली बांधली, सम्राट हिरोहितोंच्या देणगीतून.

आता यातली मेख. आपल्याकडे गणपतीची प्राणप्रतिष्ठा होते तशी उत्तरपूजाही होते. अक्षता टाकल्या, मूर्ती जागची हलवली, की निरोप झाला. यासुकुनीत उत्तरपूजा नाही. एकदा आत गेलेला आत्मा बाकीच्या लाखोंत मिसळून एकच झाला, आता तो वेगळा काढता येत नाही, असं देवस्थानाचं म्हणणं आहे. नाव खोडलं तरी उपयोग नाही, कारण वहीतलं नाव म्हणजे देव नव्हे. त्यामुळे चुकून चढलेलं, घरच्यांना नको असलेलं, वादग्रस्त, कुठलंच नाव खाली येत नाही. यासुकुनीचा वाद हा हुतात्म्यांना हात जोडावेत की नाही याचा नाही. त्या वहीत काय लिहायचं हे कोण ठरवणार आणि एकदा लिहिलेलं का पुसता येत नाही, याचा आहे.

नेताजींच्या अस्थी म्हणून जो कलश जपून ठेवला आहे तो टोकियोच्याच सुगिनामी भागातल्या रेन्कोजीत, १९४५ च्या सप्टेंबरपासून. रेन्कोजी हे बौद्ध मंदिर आहे. यासुकुनी शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं. दोन्ही जागा जपानी आणि दोन्हींचं नाव आपल्याला उच्चारायला अवघड, एवढंच त्यांच्यात साम्य.

‘रणांगणावर देह ठेवलेले’

बहुतेक जण सैनिक होते हे मान्य. पण रणांगणावर मरण ही तिथली अट कधीच नव्हती. अट होती ती सम्राटासाठी मरण्याची. म्हणून १८५९ साली तुरुंगात शिरच्छेद झालेले योशिदा शोइन यादीत आहेत, आणि १८७७ साली खरोखर लढता लढता गेलेले साइगो ताकामोरी नाहीत, कारण ते सरकारविरुद्ध लढले. १८६८ च्या यादवीत शोगुनच्या, म्हणजे जुन्या लष्करी राज्यकर्त्याच्या बाजूने पडलेल्यांनाही दार बंद. टोकियोवरच्या बॉम्बहल्ल्यात जळून मेलेले सामान्य लोकही यात नाहीत.

आणि वीरमरणाबद्दल. जपानी इतिहासकार फुजिवारा आकिरा स्वतः चीनमध्ये लढलेले अधिकारी. त्यांचा हिशोब असा की जपानच्या सुमारे २३ लाख लष्करी मृतांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि उपासमारीतून आलेल्या रोगांनी मेली. या आकड्यावर वाद आहेत, पण इंफाळच्या मोहिमेपुरता वाद कुणीच घालत नाही. १९४४ च्या मार्चमध्ये जपानी फौजा चिंदविन नदी ओलांडून मणिपुरात आल्या त्या जेमतेम तीन आठवड्यांचा शिधा घेऊन. इंफाळचे इंग्रजी कोठार हाती लागेल या भरवशावर. वाटेत सांगशाकला त्यांना पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने अडवून धरलं, आणि त्या ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. सांगशाक पडलं, पण मोलाचे दिवस गेले. पुढे पावसाळा लागला आणि तांदूळ संपला. परतीच्या वाटेवर इतके लोक पडले की जपानी सैनिकच तिला हाडांची वाट म्हणू लागले. त्या मोहिमेत तीस हजारांच्या आसपास जपानी मेले.

यासुकुनीच्या नियमाप्रमाणे ती सगळी उपाशी पोरं वहीत आहेत. आणि ज्या तोजो हिदेकींच्या पंतप्रधानकीत, लष्करमंत्रिपदही त्यांच्याकडेच असताना, या मोहिमेला मंजुरी मिळाली, तेही त्याच वहीत आहेत. मृतांच्या घरच्यांपैकी ज्यांना हे सलतं ते चिनी नाहीत.

युद्धानंतर जेत्या राष्ट्रांनी टोकियोत जपानी नेत्यांवर खटला चालवला, त्यातले तोजोंसारखे एकूण १४ ‘ए वर्ग’ युद्धगुन्हेगार तिथे आहेत. ‘ए’ म्हणजे सगळ्यात भयंकर, असं बरेच जण धरून चालतात, यासुकुनीचे विरोधकसुद्धा. तसं नाही. ए म्हणजे आक्रमक युद्धाचा कट रचणं आणि ते पुकारणं, बी म्हणजे युद्धाचे नेहमीचे नियम मोडणं, सी म्हणजे मानवतेविरुद्धचे गुन्हे. ही कलमांची वर्गवारी आहे, परीक्षेतली श्रेणी नव्हे. १४ पैकी सात जणांना २३ डिसेंबर १९४८ रोजी फाशी झाली. त्यांची राख अमेरिकी लष्कराने योकोहामाच्या पूर्वेला समुद्रात टाकली. हे अमेरिकी कागदपत्रांतून २०२१ साली उजेडात आलं. फॉरवर्डमधल्या अस्थींचा प्रश्न तिथेही संपतो. उरलेले सात खटला चालू असताना किंवा शिक्षा भोगताना आजाराने गेले. माजी परराष्ट्रमंत्री मात्सुओका योसुके १९४६ साली निकालाआधीच क्षयाने वारले. इटलीतले माजी राजदूत शिराटोरी तोशिओ १९४९ साली शिक्षा भोगत असताना. या दोघांनी आयुष्यात कुठली आघाडी लढवली? दोघेही मुत्सद्दी. हिटलर आणि मुसोलिनीबरोबरच्या कराराचे हे खंदे पुरस्कर्ते. ही दोन नावं लक्षात ठेवा.

‘दर १५ ऑगस्टला सम्राट माथा टेकवतात’

या फॉरवर्डमधलं हे सगळ्यात हास्यास्पद वाक्य. जपानचा सम्राट १९७५ नंतर यासुकुनीत गेलेला नाही.

हिरोहितो युद्धानंतर आठ वेळा गेले. शेवटची भेट २१ नोव्हेंबर १९७५. पुढची तेरा वर्षं ते जगले, पण गेले नाहीत. अकिहितो सम्राट म्हणून तीस वर्षांत एकदाही गेले नाहीत. नारुहितोही गेलेले नाहीत. सम्राट १५ ऑगस्टला जातात ते रस्त्यापलीकडच्या निप्पॉन बुडोकान सभागृहात, सरकारी श्रद्धांजली सभेला. तिथे ना देव आहेत ना यादी. फोटो त्या सभेचा आणि मजकूर यासुकुनीचा, अशी सरमिसळ झालेली दिसते. एक कबूल करतो: वसंत आणि शरद उत्सवाला सम्राटाचा दूत अजूनही यासुकुनीत जातो. पण तो दूत असतो, सम्राट नव्हे.

सम्राटांनी जाणं का थांबवलं? १९६६ साली मंत्रालयाकडून त्या ए वर्गातल्यांची नावं देवस्थानाकडे आली. तेव्हाचे मुख्य पुजारी त्सुकुबा फुजिमारो यांनी ती नाकारली नाहीत आणि चढवलीही नाहीत. बारा वर्षं कागद तसेच पडून राहिले. १९७८ च्या मार्चमध्ये त्सुकुबा वारले. जुलैत मात्सुदाइरा नागायोशी आले, पूर्वीचे नौदल अधिकारी. टोकियोचा खटलाच त्यांना मान्य नव्हता. १७ ऑक्टोबर १९७८ च्या रात्री, शरद उत्सवाच्या तोंडावर, त्यांनी १४ नावं वहीत चढवली. कसलीही जाहीर वाच्यता नाही. देशाला कळलं ते १९७९ च्या एप्रिलमध्ये, वर्तमानपत्रांतून. एका संस्थेच्या एका पुजाऱ्याने नेमणुकीनंतर तीन महिन्यांत हे केलं. ना संसदेचा ठराव, ना मंत्रिमंडळाचा निर्णय.

यावर सम्राट काय म्हणाले हेही उपलब्ध आहे. राजघराण्याचा कारभार पाहणाऱ्या खात्याचे प्रमुख तोमिता तोमोहिको हे सम्राटांशी झालेलं बोलणं टिपून ठेवत. त्यांची २८ एप्रिल १९८८ ची नोंद ‘निहोन केइझाई शिंबून’ या अर्थविषयक दैनिकाने २० जुलै २००६ रोजी छापली. आशय असा: ए वर्गातले लोक तिथे घातले गेले, मात्सुओका आणि शिराटोरीसुद्धा. त्सुकुबांनी हे प्रकरण जपून हाताळलं होतं असं ऐकलं होतं. मात्सुदाइरांच्या मुलाने, आताच्या पुजाऱ्याने, काय विचार केला? थोरल्या मात्सुदाइरांना शांततेची चाड होती असं वाटतं, मुलाला वडिलांचं मन कळलं नाही. म्हणून मी त्यानंतर गेलेलो नाही. हे माझ्या मनातलं आहे.

थोरले मात्सुदाइरा हे सम्राटांच्या दरबारातले जुने मंत्री. त्यामुळे ‘वडिलांना समज होती, पोराला नाही’ हा सूर आपल्याकडच्या कुठल्याही आजोबांच्या तोंडी शोभावा. नोंद खोटी आहे, बोलणारा दुसराच कुणी आहे, असे आक्षेप लगेच आले. त्या दैनिकाने इतिहासकारांची समिती बसवली, तिने नोंदी तपासून त्या ग्राह्य धरल्या. दरबारातले दुसरे अधिकारी उराबे र्योगो यांच्या रोजनिशीतही सम्राटांच्या न जाण्याचं हेच कारण आहे. ज्याच्या नावाने ती माणसं मेली त्यानेच पाय ठेवणं बंद केलं, आणि कारणही सांगितलं. एवढ्या एका कागदाने फॉरवर्डमधली निम्मी वाक्यं निकालात निघतात, पण तो कुणी फॉरवर्ड करत नाही.

पंतप्रधानांचंही ‘दर १५ ऑगस्टला’ नाही. १९८५ साली नाकासोने अधिकृतपणे गेले, गदारोळ झाला, पुन्हा गेले नाहीत. त्यानंतर १५ ऑगस्ट गाठला तो कोइझुमींनी, २००६ साली. त्यांच्या सहा भेटींपैकी ही शेवटची. शिंझो आबे २६ डिसेंबर २०१३ रोजी गेले, तेव्हा अमेरिकेच्या दूतावासाने निराशा झाल्याचं जाहीर निवेदन काढलं. त्यानंतर बरीच वर्षं पंतप्रधान स्वतः न जाता ‘मासाकाकी’ नावाची सजवलेली फांदी पाठवत आले.

‘पोटदुखी फक्त चीन आणि कोरियाला’

अर्धं खरं आहे, नाईलाजाने मान्य करतो. १४ नावं १९७९ साली जगजाहीर झाल्यावरही पंतप्रधान ओहिरा गेले (ते तर ख्रिस्ती होते), सुझुकी गेले, आणि बीजिंग गप्प होतं. चीनचा आवाज चढला तो १९८५ पासून. त्यात राजकारण आहे यात शंका नाही.

पण ‘फक्त’ हा शब्द काढा. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २ एप्रिल १९९७ रोजी एहिमे प्रांताने सरकारी पैशातून यासुकुनीला दिलेली दक्षिणा घटनाबाह्य ठरवली. देवस्थान पुन्हा सरकारच्या छत्राखाली आणण्याचं विधेयक १९६९ ते ७४ दरम्यान वारंवार आलं आणि प्रत्येक वेळी बारगळलं. त्याला विरोध करणाऱ्यांत जपानी बौद्ध आणि ख्रिस्ती संघटना आघाडीवर होत्या. सत्ताधारी पक्षाचेच नेते कोगा माकोतो, ज्यांचे वडील फिलिपिन्समधल्या लेइतेच्या लढाईत गेले आणि जे युद्धमृतांच्या वारसांच्या संघटनेचे अध्यक्ष होते, तेही ए वर्गातल्यांना वेगळं काढा म्हणाले. देवस्थानाचं उत्तर ठरलेलं: वेगळं काढता येत नाही.

कोरियाचा विषय निघालाच आहे तर हेही ऐका. वहीत सुमारे २१ हजार कोरियन आणि २८ हजार तैवानी आहेत. जपानने त्यांचे देश ताब्यात घेतले होते आणि त्यांना आपल्या फौजेत भरती केलं होतं. बऱ्याच घरांना ना मृत्यूची वार्ता मिळाली, ना अस्थी. कित्येक वर्षांनी कळलं की आपला बाप टोकियोत जपानचा देव झाला आहे. नाव काढा म्हणून विनंत्या झाल्या, तेव्हा उत्तर मिळालं की मरताना ते जपानी होते, मेल्यावर जपानी असणं संपत नाही. एक कोरियन माणूस तर युद्धातून जिवंत परतला होता आणि तरी त्याचं नाव वहीत होतं. जिवंत माणसाचा देव झालेला! तो स्वतः न्यायालयात गेला, तरीही त्याला दाद मिळाली नाही. याला पोटदुखी म्हणायचं?

‘शत्रूलाही तिथे पूजतात’

आवारात ‘चिनरेइशा’ नावाची लाकडी खोपटीवजा देवळी आहे, १९६५ साली त्सुकुबांनी बांधलेली, वहीत नसलेल्या सगळ्या युद्धमृतांसाठी, परदेशी धरून. हेतू चांगला होता. पण ती कुंपणाआड आहे, वर्षानुवर्षं लोकांना तिकडे जाताच येत नव्हतं, आणि तिथे कुणाचंच नाव नाही. घोडे, कुत्रे आणि निरोप्या कबुतरांना मात्र दर्शनी ब्राँझचे पुतळे आहेत. मोठ्या मनाचं माप ज्याने त्याने काढावं.

‘पाल म्हणाले, जपानने काही केलंच नाही’

ही ती जागा. भाच्याच्या भाषणात इथे टाळ्या अपेक्षित आहेत.

राधाबिनोद पाल हे कलकत्ता उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश आणि कलकत्ता विद्यापीठाचे माजी कुलगुरू. टोकियोच्या न्यायासनावर त्यांची नेमणूक १९४६ साली झाली, म्हणजे ब्रिटिश राज्यात. स्वतंत्र भारताने पाठवलेले ते नव्हेत, आणि नेहरूंनी त्यांच्या निकालातल्या विधानांपासून अंतर राखलं होतं. न्यायाधीश ११ होते आणि वेगळं मत नोंदवणारे पाल एकटे नव्हते. फ्रान्सच्या बर्नार यांनी कामकाजाच्या पद्धतीवरच बोट ठेवलं. नेदरलँड्सचे र्‍योलिंग यांनी पाच आरोपींना सोडावं असं म्हटलं. त्या पाचांतले हिरोता कोकी फासावर गेले. सगळ्या आरोपींना, म्हणजे २५ च्या २५ जणांना सोडावं म्हणणारे मात्र पाल एकटेच, हे खरं.

त्यांनी हे बाराशेहून जास्त पानांत मांडलं, आणि ते मुद्दे आजही कायद्याच्या अभ्यासकांना विचार करायला लावतात. आक्रमक युद्ध पुकारणं हा तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात व्यक्तीचा गुन्हा नव्हता. कायदा नंतर करून मागच्या कृत्यांना लावता येत नाही. १९२८ पासून १९४५ पर्यंत एकच अखंड कट चालला होता हे सिद्ध झालेलं नाही. न्यायाधीश सगळे जेत्यांचे, आणि अणुबॉम्बवर खटला नाही. हे सगळं रास्त आहे. माझ्या मते त्यात आणखी भर घालावी: चीनमध्ये जिवंत माणसांवर जंतूंचे प्रयोग करणाऱ्या ७३१ क्रमांकाच्या तुकडीला अमेरिकेने प्रयोगांच्या माहितीच्या बदल्यात मोकळं सोडलं. सम्राटांवरही आरोप ठेवला गेला नाही. जेत्यांचा न्याय म्हणायचं तर म्हणा.

पण त्याच निकालपत्रात पाल यांनी असंही नोंदवलं आहे की प्रचार आणि अतिशयोक्ती वजा केली तरी जपानी फौजांनी ताब्यातल्या प्रदेशांतल्या नागरिकांवर आणि युद्धकैद्यांवर अत्याचार केल्याचा पुरावा भरभक्कम आहे. त्यांचा प्रश्न वेगळा होता: समोर बसलेल्या या मंत्र्यासंत्र्यांनी ते घडवून आणले किंवा जाणूनबुजून होऊ दिले, हे सिद्ध झालं का? त्यांच्या मते नाही. प्रत्यक्ष हात रंगलेल्यांवर ठिकठिकाणी वेगळे खटले चालले होते, याचीही त्यांनी दखल घेतली. ‘आरोपी सुटला’ आणि ‘खून झालाच नाही’ यात फरक असतो हे आपल्याकडे तालुका कोर्टाबाहेर चहा विकणारासुद्धा सांगेल. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तो फरक गिळला. यासुकुनीतली पाल यांची शिळा २००५ सालची, आणि तिथे त्यांचं निर्दोषत्वाचं मत मिरवलं जातं. अत्याचारांवरचा भाग शोधायला निकालपत्रच उघडावं लागतं.

आणि ‘जपानने काही केलंच नाही’ हे भारतीय मुलाच्या तोंडी? सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी पाहायला आपल्याकडून दर हिवाळ्यात बसभरून माणसं जातात. युद्धात अंदमान जपानच्या ताब्यात असताना त्याच जेलमध्ये जपान्यांनी डॉ. दिवाण सिंग यांना हाल करून मारलं. १४ जानेवारी १९४४. नेताजी पोर्ट ब्लेअरला येऊन तिरंगा फडकवून गेले त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. ३० जानेवारीला पोर्ट ब्लेअरजवळच्या होम्फ्रेगंजला ४४ जणांना हेरगिरीच्या संशयावरून रांगेत उभं करून गोळ्या घातल्या. सगळे आपले. जेलपासून होम्फ्रेगंजचं स्मारक फार लांब नाही, पण सहलीच्या कार्यक्रमात ते क्वचितच असतं.

पाल यांची शिळा जिथे आहे तिथे शेजारीच युशूकान नावाचं देवस्थानाचं संग्रहालय आहे. आत शिरल्या शिरल्या दर्शनी दालनात झिरो लढाऊ विमान आणि एक काळं वाफेचं इंजिन उभं आहे. सी ५६, क्रमांक ३१. हे इंजिन ब्रह्मदेश–सयाम रेल्वेच्या १९४३ च्या उद्घाटनाला धावलं होतं. ती रेल्वे ४१५ किलोमीटरची, डोंगर आणि जंगल फोडून सव्वा वर्षाच्या आसपास काळात रेटलेली. तिच्यावर १२ हजारांहून जास्त युद्धकैदी मेले. आशियाई मजुरांच्या मृत्यूचे अंदाज ९० हजारांच्या घरात जातात, आणि त्या मजुरांत मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून नेलेले तमिळ लोक मोठ्या संख्येने होते. पटकी, मलेरिया, निकृष्ट भात, वर मार. कैद्यांना निदान डॉक्टर आणि अधिकारी होते, मोजदाद होती. तमिळ मजुरांची ना नावं, ना नोंदवही. इंजिन मात्र घासूनपुसून ठेवलेलं आहे आणि लोक त्याच्यापुढे फोटो काढतात. पाल यांची शिळा आणि हे इंजिन यांत काही मिनिटांचंसुद्धा अंतर नाही.

उरलेलं

बुलेट ट्रेन. कर्ज ०.१ टक्क्याने, ५० वर्षांसाठी, पहिली १५ वर्षं हप्ता नाही, प्रकल्पखर्चाच्या ८१ टक्क्यांपर्यंत. कारण व्यापाराचं आहे: जपानला शिंकान्सेन परदेशात विकायची होती आणि त्याच वर्षी, २०१५ साली, इंडोनेशियातलं काम चीनने पळवलं होतं. जपानने जगात पहिलं येन कर्ज दिलं तेही भारतालाच, १९५८ साली. जुन्या ऋणानुबंधाचं कारण शोधायचंच असेल तर भारताने १९५२ च्या स्वतंत्र तहात युद्धाची भरपाई मागणं सोडलं, ते आहे.

‘आपल्याकडे राष्ट्रीय स्मारक नाही.’ दिल्लीत इंडिया गेटजवळ २५ फेब्रुवारी २०१९ पासून आहे. उद्घाटनाच्या वेळी भिंतींवर २५,९४२ नावं कोरलेली होती. नाव कुणाचं असावं हे तिथे पुजारी ठरवत नाही.

जपानकडेही असं पर्यायी ठिकाण आहे. चिदोरिगाफुचीची राष्ट्रीय दफनभूमी, १९५९ ची, यासुकुनीपासून चालत पंधराएक मिनिटांवर. ओळख न पटलेल्या साडेतीन लाखांहून अधिक मृतांच्या अस्थी तिथे खरोखरच आहेत. धर्म नाही, यादी नाही, १४ नावं नाहीत. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री आणि संरक्षणमंत्री टोकियोत आले तेव्हा त्यांनी पुष्पचक्र वाहिलं ते इथे. जपानी पंतप्रधानांना सुचवायचं ते त्यांनी असं सुचवलं. आबेंनी दोन महिन्यांत यासुकुनी गाठून ते ऐकलं नसल्याचं दाखवलं.

साकुरा पाहायला जाणाऱ्यांसाठी: टोकियोत बहर सुरू झाला असं हवामान खातं जाहीर करतं ते यासुकुनीच्या आवारातल्या एका ठरावीक झाडावर पाच-सहा फुलं उमलली की. कुदानशिता स्टेशनला उतरलं की मोठी लोखंडी तोरी कमान समोरच दिसते. झाड पाहा, युशूकानही पाहा, तिथून खंदकाच्या कडेने चिदोरिगाफुचीला जा. आणि घरी सांगताना तीन जागांची सरमिसळ करू नका.

भाच्याच्या भाषणात मी एवढे बदल सुचवले आहेत. ‘अस्थी’च्या जागी ‘नावं’. ‘२५ लाख’ ऐवजी ‘१८६९ पासूनचे साडेचोवीस लाखांवर’. नेताजी रेन्कोजीत. सम्राटांचं वाक्य काढून तिथे तोमितांची नोंद. पाल यांचा परिच्छेद ठेवायचा, पण त्यांनी अत्याचारांबद्दल काय लिहिलं ते त्याला जोडून. वेळ पाच मिनिटांचा आहे, म्हणून बुलेट ट्रेन पूर्ण गाळली आणि तिच्या जागी होम्फ्रेगंजचे ४४ घातले.